वाघाच्या मावशीचें इमान

'कुत्रें माणसाचें आणि मांजर घराचें' असें आपल्याकडे सर्रास म्हटलें जातें. बिऱ्हाड हललें कीं कुत्रा सामानाच्या गाडीमागून धांवत येतो, आणि मांजर मात्र जुन्या जागेंतच भिंतीला टेकून बसून राहतें, असा या म्हणण्याचा अर्थ. त्यावरून पुढें असेंहि ठरविलें जातें कीं, मांजराला माया नाहीं. दुधाची वाटी आणि उबेचा कोपरा एवढेंच त्याला कळतें. वाटी पुढें करणारा हात कोणाचा, याची त्याला पर्वा नसते. हें मत गप्पांपुरतेंच राहिलें असतें तर त्याची चौकशी करण्याचें कारण नव्हतें. परंतु शहरांत जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उठत आहेत, कुटुंबें एका जागेंतून दुसऱ्या जागेंत जात आहेत, आणि याच मताच्या आधारावर कित्येक मांजरें निश्चिंत मनानें मागें सोडून दिलीं जातात. म्हणून मांजराच्या स्वभावाचा आणि त्याच्या इमानाचा प्रश्न थोडा खोलांत जाऊन पाहण्यासारखा आहे.

मांजराविषयींचा अविश्वास फार जुना आहे. महाभारताच्या उद्योगपर्वांत दुर्योधन उलूकाबरोबर धर्मराजाला निरोप पाठवितो. त्या निरोपांत गंगेच्या कांठीं हात वर करून तपाचें सोंग घेणाऱ्या, आणि विश्वासानें जवळ आलेल्या उंदरांना गट्ट करणाऱ्या मांजराची गोष्ट आहे. धर्मराजाचें धर्माचरण त्याच मासल्याचें, असा त्यांतला टोमणा. महाबलिपुरम् येथील सातव्या शतकांतील भव्य शिल्पांतहि मागच्या पायांवर उभें राहून तप करणारें मांजर आणि त्याच्या पायांशीं जमलेले उंदीर कोरलेले आहेत. मनुस्मृतीनें तर दांभिक मनुष्याला 'बैडालव्रतिक' असें नांवच देऊन ठेविलें. उलट महाप्रस्थानाच्या वेळीं त्याच धर्मराजाच्या मागोमाग स्वर्गाच्या दारापर्यंत जाण्याचा मान मिळाला तो कुत्र्याला. षष्ठीदेवीचें वाहन होण्यापलीकडे मांजराच्या वांट्याला कौतुक असें थोडेंच आलें. लोकभाषेनें त्याला वाघाची मावशी म्हटलें, तेंहि थोडें थट्टेनेंच.

या दोन प्राण्यांच्या स्वभावांतला फरक खोटा नाहीं. परंतु तो इमान आणि बेइमानी यांचा फरक नव्हे. तो त्यांच्या पूर्वजांच्या राहणीचा फरक आहे. कुत्रा लांडग्यापासून झाला. लांडगा कळपानें राहतो आणि मोठें जनावर पाडावयाचें म्हणून कळपानेंच शिकार करतो. सोबत्याच्या नजरेवरून आणि हालचालीवरून आपलें वागणें ठरविण्याची संवय कुत्र्याला त्या वंशांतूनच मिळालेली आहे. मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशिया येथील रानमांजर. हें नातें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आनुवंशिक तपासणीनें पक्कें झालें. हें रानमांजर आपला प्रदेश आंखून घेऊन एकटें राहतें. उंदीर हा एकाच्याच पोटापुरता घांस. तो धरण्याला सोबती लागत नाहीं आणि वाटून खाण्याचा प्रश्नहि येत नाहीं. अशा प्राण्याला कोणाची आज्ञा पाळण्याचा प्रसंग रानांत कधीं आलाच नाहीं.

मनुष्य धान्य सांठवूं लागला, धान्यामागून उंदीर आले, आणि उंदरांमागून मांजर आलें. त्याला कोणी दावें लावून आणलें नाहीं. तें आपण होऊन उंबरठ्याशीं आलें. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका थडग्यांत मनुष्याच्या सांगाड्याजवळच एका मांजराचा सांगाडा पुरलेला सांपडला; ही माहिती २००४ सालीं प्रसिद्ध झाली. त्या बेटावर मूळचीं मांजरें नव्हतीं. तेव्हां कोणी तरी तें नावेंत घालून बरोबर नेलें असलें पाहिजे, आणि मेल्यावर आपल्या माणसाशेजारीं त्याला जागा दिली असली पाहिजे. ज्या प्राण्याला माया नाहीं असें आज म्हटलें जातें, त्याच्याविषयींच्या मायेचा हा पुरावा इतका जुना आहे.

कुत्र्याच्या बाबतींत मनुष्यानें आणखी एक उद्योग हजारों वर्षें चालविला. मेंढ्या वळविणें, वाडा राखणें, सावज हुडकणें, पाडलेला पक्षी तोंडांतून अलगद आणून देणें, बर्फावरची गाडी ओढणें अशा निरनिराळ्या कामांसाठीं त्यानें निरनिराळ्या स्वभावाचीं कुत्रीं निवडलीं आणि त्यांचीच पैदास वाढविली. कुत्र्यांच्या जाती म्हणजे पुष्कळ अंशीं कामांच्याच जाती होत. मांजराकडून हवें होतें तें एकच काम, उंदीर धरण्याचें; आणि तें काम तें कोणी न शिकवितांच करीत होतें. त्यामुळें त्याचा स्वभाव घडविण्याची मनुष्याला गरजच भासली नाहीं.

मांजरांच्या जाती ठरविण्याचा खटाटोप सुरू झाला तो फार उशिरां. १८७१ सालच्या जुलै महिन्यांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें हॅरिसन वेअर या चित्रकारानें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरविलें. जातिवंत मांजरांच्या प्रदर्शनांची परंपरा सामान्यतः तेथून मोजतात. पुढें जी निवड झाली ती मुख्यतः केंसांची लांबी, अंगाचा आणि डोळ्यांचा रंग, चेहऱ्याची ठेवण यांवरून. रूपाबरोबर स्वभाव जसा आला तसा आला. म्हणून मांजरांच्या जातींतील स्वभावभेद कुत्र्यांच्या जातींइतके ठळक नाहींत. तथापि ते मुळींच नाहींत असेंहि नाहीं, आणि कांहीं जातींची तर 'हीं कुत्र्यांसारखीं वागतात' अशी ख्यातीच झालेली आहे.

त्यांत पहिलें नांव सयामी मांजराचें. सयाम म्हणजे आजचा थायलंड. १८८४ सालीं बँकॉक येथील ब्रिटिश वकील एडवर्ड ब्लेंको गूल्ड यांनीं या मांजरांची एक जोडी आपल्या बहिणीसाठीं इंग्लंडांत नेली, आणि तेथून या जातीचा लौकिक वाढला. सयामी पिलें जन्मतांना जवळजवळ पांढरीं असतात. पुढें नाक, कान, पंजे आणि शेंपटी तेवढी काळवंडते. रंग घडविणारें त्यांच्या अंगांतलें द्रव्य उबेनें निकामी होतें, आणि शरीराचे जे भाग थोडे थंड राहतात तेथेंच तें आपलें काम करूं शकतें. असें त्या रंगाचें रहस्य आहे. परंतु ज्यांनीं हें मांजर पाळलें त्यांना रंगापेक्षां त्याचा आवाज आधीं आठवतो. तें बोलतें, म्हणजे अक्षरशः संभाषण केल्यासारखें ओरडतें. घरांतल्या एका माणसाला तें आपलें मानतें, त्याच्यामागून या खोलींतून त्या खोलींत फिरतें, गळ्यांत पट्टा घालून बाहेर हिंडावयास शिकतें, आणि दिवसभर घर रिकामें राहिलें तर अस्वस्थ होतें.

त्याचेंच भावंड म्हणजे बर्मी मांजर. १९३० सालीं ब्रह्मदेशांतून अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें वाँग माऊ नांवाची एक तपकिरी मांजरी नेण्यांत आली. तिच्या जोडीचा बोका तेथें नव्हता म्हणून तिचा संबंध सयामी बोक्याशीं करण्यांत आला, आणि त्या वंशांतून तेथील बर्मी जात उभी राहिली. आवाजानें ही सयामीपेक्षां सौम्य, पण माणसाच्या सहवासाची भूक तितकीच. ॲबिसिनियन मांजराचें नांव हबसाण देशावरून पडलें असलें, तरी आनुवंशिक तपासणीवरून त्याचें मूळ दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांकडे असावें असें दिसतें. हें मांडीवर बसून राहणारें मांजर नव्हे. कपाट उघडलें कीं आंत डोकावणें, नळ सुटला कीं धारेंत पंजा घालणें, घरांत कोणी कांहीं करीत असेल तेथें हजर राहणें हा त्याचा आवडता व्यवसाय.

अमेरिकेच्या मेन प्रांतांतील मेन कून हें आकारानें प्रचंड. बोका ६ ते ८ किलो वजनाचा सहज भरतो आणि त्याला पूर्ण वाढीला तीनचार वर्षें लागतात. एवढ्या देहाच्या मानानें त्याचा आवाज बारीक, पांखराच्या किलबिलीसारखा. थंड प्रदेशांतील गोठ्यांत आणि शेतांवर उंदीर मारून तें वाढलें. १८९५ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत पहिला मान अशाच एका मांजरानें मिळविला, आणि १९८५ सालीं मेन संस्थानानें त्याला आपलें राज्यमांजर ठरविलें. तें अंगाला फारसें चिकटत नाहीं, पण घरांतलीं माणसें ज्या खोलींत असतील त्याच खोलींत येऊन बसतें. तुर्कस्तानांतील व्हान सरोवराच्या भागांतून आलेलें मांजर तर पाण्यांत पोहण्याबद्दल प्रसिद्ध आहे. मांजर म्हणजे पाण्याचा शत्रु, हा नियमहि सरसकट नाहीं.

रॅगडॉल, म्हणजे चिंध्यांची बाहुली, ही जात १९६० नंतर कॅलिफोर्नियांत ॲन बेकर या बाईंनीं तयार केली. उचलून घेतलें कीं यांतलीं पुष्कळ मांजरें अंग सैल सोडून देतात. आपल्या वाचकांना येथें वैष्णव आचार्यांच्या मार्जारकिशोर-न्यायाची आठवण होईल. वानराचें पोर आईला आपण घट्ट धरून राहतें. मांजराचें पिलूं मात्र सारा भार आईवर टाकून निश्चिंत लोंबकळतें. भक्ताचें शरणागत मन असें असावें, असा तो दृष्टांत. प्रत्येक पिलाच्या ठिकाणीं असलेली ही वृत्ति या जातींत मोठेपणींहि टिकलेली दिसते. या जातीच्या मूळ मांजरीला मोटारीचा अपघात झाला म्हणून तिचीं पिलें अशीं शांत निपजलीं, अशी कथा पुष्कळ दिवस सांगितली जात होती. परंतु आईला झालेली इजा पिलांच्या वंशांत उतरत नसते. सौम्य मांजरें निवडून वाढविलीं म्हणून सौम्य निपजलीं, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या शहरांत विकत घेतल्या जाणाऱ्या मांजरांत पर्शियन, म्हणजे इराणी मांजराला मोठा मान आहे. स्वभावानें हें खरोखरच शांत. परंतु चपट्या चेहऱ्याच्या हव्यासानें त्याचें नाक इतकें आंखूड करण्यांत आलें आहे कीं, कित्येकांना श्वास नीट घेतां येत नाहीं आणि डोळ्यांतून सारखें पाणी गळतें. त्यांतून दमट हवा आणि रोज विंचरावे लागणारे दाट केंस. शांतपणा आणि थकवा यांतला भेद पाळणाऱ्यानें ओळखला पाहिजे. रूप पाहून निवड करण्याचा भुर्दंड पुष्कळदा मांजरालाच सोसावा लागतो.

मग मांजराचा स्वभाव ठरतो तो जातीवरून किती? २०१९ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील संशोधकांनीं ५,७२६ मांजरांविषयीं त्यांच्या मालकांकडून माहिती मिळवून तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाशीं लगट करण्यांत ब्रिटिश शॉर्टहेअर ही जात सर्वांत मागें, तर कोरात आणि डेव्हन रेक्स या जाती पुढें, असें त्यांत आढळलें. आणि ज्या तीन जातींची आनुवंशिक बाजू तपासली त्यांत स्वभावाचा निम्म्याच्या जवळपास वांटा रक्तांतून येतो असें दिसलें. उरलेला जवळजवळ निम्मा वांटा घरानें आणि बालपणानें घडतो. येथेंच ही चर्चा जातिवंत मांजरांवरून आपल्या जिन्याखालच्या साध्या मनीकडे येऊन पोंचते.

पिलाच्या आयुष्यांतील दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार नाजूक असतो. अमेरिकेंत आयलीन कार्श यांनीं केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, या काळांत माणसाच्या हातांत नित्य खेळलेलीं पिलें पुढें माणसाजवळ धीटपणें येतात. त्या काळांत माणूस न दिसलेलीं पिलें बहुधा जन्मभर बुजरीं राहतात. ब्रिटनमध्यें सँड्रा मॅक्यून यांचें संशोधन १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांना असें आढळलें कीं, मायाळू बोक्याचीं पिलें बाप डोळ्यांनीं न पाहतांहि अधिक धीट निपजतात. म्हणजे रक्त आणि संगोपन दोन्ही आपापला वांटा उचलतात. त्याबरोबरच, आठ आठवडे पुरे होण्यापूर्वीं आईपासून तोडलेलीं पिलें पुढें अधिक चावरीं निघतात, हेंहि फिनलंडमधील २०१७ सालच्या एका अभ्यासानें दाखविलें. डोळे उघडले न उघडले तोंच पिलूं मागावयास येणाऱ्यांनीं आणि देऊन टाकणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें. तें मांजर पुढें ओरबाडतें तेव्हां त्याची जात निघते. पण दोष बहुधा त्या घाईचा असतो.

कुत्र्यासारखें वागणें म्हणजे तरी काय, हेंहि पाहिलें पाहिजे. हांकेला येणें, दारापर्यंत सामोरें जाणें, मागोमाग फिरणें आणि फेंकलेली वस्तु उचलून आणणें, हीं त्याचीं मुख्य लक्षणें. हांकेविषयीं जपानमध्यें अत्सुको सायतो यांनीं प्रयोग केले. २०१३ सालच्या प्रयोगांत मांजरें मालकाचा आवाज परक्या आवाजांतून ओळखतात असें दिसलें. २०१९ सालच्या प्रयोगांत तीं आपलें नांवहि इतर शब्दांतून वेगळें काढतात असें ठरलें. हांक ऐकल्यावर कित्येकदां केवळ कान हलतो आणि मांजर जागचें उठत नाहीं, ही गोष्ट निराळी. त्याला ऐकूं आलेलें असतें. उत्तर द्यावयाचें कीं नाहीं तें त्यानें ठरवावयाचें असतें. वस्तु आणून देण्याविषयीं ब्रिटनमधील संशोधकांनीं २०२३ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. असा खेळ खेळणाऱ्या १,१५४ मांजरांची माहिती तींत आहे. त्यांपैकीं शेंकडा ९४ मांजरांना हा खेळ कोणी शिकविलेला नव्हता. खेळ केव्हां सुरू करावयाचा आणि केव्हां थांबवावयाचा, हें बहुतेक वेळां मांजरच ठरवीत होतें. जातिवंतांत सयामी मांजरें पुढें होतीं खरीं. पण त्या १,१५४ मध्यें ९९४ मांजरें कोणत्याच जातीचीं नव्हतीं.

या आंकड्यांत पुष्कळ अर्थ आहे. कुत्र्यासारखें मांजर हवें म्हणून हजारों रुपये मोजण्याची गरज नाहीं. आणि मोजले म्हणून तें मिळेलच असेंहि नाहीं. आणि एखादें मांजर चेंडू आणून पायाशीं टाकतें तेव्हां तें कुत्र्याची नक्कल करीत नसतें. कुत्रा आज्ञेंतून प्रेम दाखवितो; मांजर निमंत्रणांतून दाखवितें. उभी शेंपटी घेऊन सामोरें येणें, पायाला अंग घांसणें, पाठीमागें येऊन चार हातांवर बसणें ही त्याची भाषा आहे. मोठीं मांजरें आपसांत क्वचितच म्यांव म्हणतात. तो शब्द लहानपणीं आईसाठीं असतो, आणि मोठेपणीं त्यांनीं तो माणसासाठीं राखून ठेविलेला असतो.

आतां आरंभीं मांडलेला प्रश्न. मांजर घराचें कीं माणसाचें? अमेरिकेंत ऑरेगन येथील विद्यापीठांत २०१९ सालीं एक साधा प्रयोग झाला. मांजराला अनोळखी खोलींत मालकाबरोबर दोन मिनिटें ठेवावयाचें, मग दोन मिनिटें एकटें, आणि मग मालकानें परत यावयाचें. मालक परत येतांच शेंकडा सुमारें ६५ मांजरांची घालमेल शांत झाली, आणि तीं निर्भयपणें खोली पाहूं लागलीं. तान्ह्या मुलांवर आईच्या बाबतींत असाच प्रयोग करतात, त्यांतहि प्रमाण जवळपास तेंच येतें. परक्या जागेंत ज्याच्या येण्यानें जीव स्थिर होतो, त्या माणसाविषयीं मांजराला कांहींच वाटत नाहीं असें म्हणणें मग कठीण होतें.

जुनी जागा सोडतांना तें बुजतें, लपून बसतें, क्वचित् नव्या जागेंतून पळून जुन्या दाराशीं परत येतें, हेंहि खरें. परंतु त्याचें कारण बेइमानी नव्हे. एकट्यानें जगणाऱ्या रानमांजराच्या या वंशजाला ओळखीचा प्रदेश म्हणजेच सुरक्षितता. तो प्रदेश त्यानें वासानें आंखलेला असतो, आणि एका दिवसांत तो सगळा पुसला जातो. अशा वेळीं थोडी काळजी घेतली तर तें नव्या घराला रुळतें. प्रथम एकाच खोलींत ठेवावें. त्याचें जुनें, न धुतलेलें अंथरूण, पाण्याचें भांडें आणि मातीची पेटी तेथेंच असावी. जेवणाची वेळ बदलूं नये. घरांतल्या कोणी तरी रोज कांहीं वेळ जवळ बसावें. उचलून घेण्याची घाई नको. मग एकेक खोली मोकळी करावी, आणि दोनतीन आठवडे बाहेर सोडूं नये. उंच इमारतींत खिडक्यांना आणि गच्चीला जाळी असणें अत्यावश्यक. एवढें केलें म्हणजे बहुतेक मांजरें नव्या घरांतहि आपला कोपरा शोधतात. आणि तो कोपरा पुष्कळदां ज्या माणसाशीं त्याचें सूत जुळलेलें असतें त्याच्याच जवळचा असतो.

बिऱ्हाडाची गाडी निघतांना कुत्रा मागें धांवतो, म्हणून त्याचें इमान डोळ्यांना दिसतें. मांजर भेदरून माळ्यावर लपलेलें असतें, म्हणून तें दिसत नाहीं. गाडी निघण्यापूर्वीं त्याला हुडकून, टोपलींत घालून बरोबर घेणें, हें काम मांजराचें नाहीं. तें घरांतल्या माणसांचें आहे.